कॉलेजची पट्टी आणि पोरांच्या धंद्याचा वाटा

जुलैचा पाऊस पडवीच्या पन्हळीतून धो धो वाहत असतो, तेव्हा आमच्याकडे हमखास कोणीतरी प्लास्टिकच्या पिशवीत कागद गुंडाळून येतं. सीईटीचा निकाल, कॉलेजचं माहितीपत्रक, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला. देवगड तालुक्यात मी बरीच वर्षं वाणिज्य शिकवलं, त्यामुळे फीचा हिशोब लागेनासा झाला की लोक इकडे वळतात. यंदा आलेल्या एका आईने पिशवी सोडायच्या आधीच विचारलं, “सर, एकूण किती पैशे लागतले, ता एकदाच काय ता सांगा.”

तिच्या मुलीचा प्रश्न निराळा होता. बारावीची परीक्षा संपल्यावर तिने काजूच्या बोंडूंचं सिरप करून पाहिलं होतं. झाडाखाली कुजून जाणारे बोंडू वेचले, रस काढला, घसा धरणारा तुरटपणा कमी करायला तीन-चार वेळा फसली, मग जमलं. पन्नासेक बाटल्या मे महिन्यात आलेल्या चाकरमान्यांना विकल्या. आता फूड टेक्नॉलॉजीला प्रवेश मिळण्याची शक्यता होती आणि तिला दोन गोष्टी हव्या होत्या: कॉलेजात गेल्यावर हे बंद करावं लागेल का, आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत पुढचं काम केलं तर सिरप कॉलेजचं होईल का?

आईने तिला गप्प केलं. “आधी फीचा बघूया.” मला मात्र दोघींचे प्रश्न एकमेकांत गुंतलेले वाटले. चार वर्षांत घरातून किती पैसे जाणार आणि शेवटी डोक्यावर किती कर्ज उरणार, हे ज्या मुलीला आधी कळतं तीच स्वतःचं काही सुरू करायचं धाडस करू शकते. ज्या घरात दर सहा महिन्यांनी नवीन पावती येते, तिथली मुलगी मिळेल ती पहिली नोकरी धरते. म्हणून खर्चाची स्पष्टता ही मला विद्यार्थी उद्योजकाला मिळणारी पहिली मदत वाटते. या लेखात आधी खर्च आणि मग धंदा, असं दोन्ही समजून घेऊ.

फीची पट्टी वाचायची कशी

वाशीच्या बाजारातून आंबा विकल्याच्या हिशोबाची जी चिठ्ठी येते, ती पट्टी आपल्याकडे शाळेची पायरी न चढलेली आजीसुद्धा बारकाईने बघते. किती पेट्या गेल्या, कोणत्या पेटीला काय भाव, त्यातून गाडीभाडं किती गेलं, हमाली किती, आगाऊ उचललेले पैसे किती वळते केले आणि हातात काय उरलं. नुसता भाव ऐकून कोणताही बागायतदार खूश होत नाही.

कॉलेजच्या फीचं नेमकं उलटं होतं. माहितीपत्रकातला एक आकडा बघून घर निर्णय घेतं आणि कपाती नंतर कळतात. त्या आईला मी वहीच्या पानावर जी पट्टी काढून दिली ती अशी होती. आकडे समजण्यापुरते घेतलेले आहेत, कॉलेजागणिक बदलतील. शिक्षण शुल्क वर्षाला ८०,०००. विकास शुल्क ८,०००. परीक्षा शुल्क ३,०००. वसतिगृह ३०,०००. मेस महिन्याला साडेतीन हजार धरून दहा महिन्यांची ३५,०००. पुस्तकं, जर्नल, एप्रन, लॅपटॉपची दुरुस्ती असं सगळं ८,०००. गावी येण्याजाण्याचा खर्च ६,०००. बेरीज १,७०,०००. माहितीपत्रकात पहिल्या पानावर ठळक छापलेला आकडा ८०,००० होता.

यात अनामत रक्कम धरलेली नाही. प्रयोगशाळेची, ग्रंथालयाची, वसतिगृहाची अनामत हा खर्च नव्हे, ती परत मिळणारी रक्कम आहे. पण तिची पावती वेगळी घ्यावी लागते. चार वर्षांनी पावती हरवलेली असते आणि ती रक्कम तशीच सोडून दिली जाते, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे. एकाच पावतीवर ‘इतर शुल्क’ असं लिहून आलं असेल, तर त्यात काय काय आहे ते तिथेच खिडकीवर विचारावं.

ही पट्टी मागणं म्हणजे कॉलेजवर उपकार मागणं नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विद्यार्थी तक्रार निवारणाच्या नियमांत स्पष्ट म्हटलं आहे की, प्रवेश सुरू होण्याच्या किमान ६० दिवस आधी कॉलेजने माहितीपत्रक प्रसिद्ध करावं आणि त्यात फीचा प्रत्येक घटक, अनामत आणि इतर सगळ्या रकमा लिहाव्यात. ते माहितीपत्रक विकत घ्यायची सक्तीही करता येत नाही.

हा आकडा ठरवतो कोण

बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. अशा नेहमीच्या अभ्यासक्रमांची फी सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि रायगडात मुंबई विद्यापीठाच्या दरपत्रकाप्रमाणे चालते. इंजिनिअरिंग, फार्मसी, एमबीए, वैद्यकीय असे विनाअनुदानित खासगी व्यावसायिक अभ्यासक्रम मात्र राज्याच्या शुल्क नियामक प्राधिकरणाकडे जातात. हे प्राधिकरण २०१५ च्या कायद्याने आलं. कॉलेज आपले लेखापरीक्षण झालेले हिशोब सादर करतं आणि पगार, इमारत, प्रयोगशाळा यांचा खर्च बघून प्राधिकरण फी मंजूर करतं. मंजूर आकडा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कॉलेजच्या नावाने सापडतो. मोबाइलवर दहा मिनिटांचं काम आहे, आणि प्रवेश घेण्याआधी प्रत्येक घराने ते करावं.

यामागे सर्वोच्च न्यायालयाचा २००२ चा टी. एम. ए. पै खटल्यातला अकरा न्यायाधीशांचा निकाल आहे. खासगी संस्थेला फी ठरवायची मोकळीक आहे, संस्था वाढवण्यासाठी वाजवी शिल्लक ठेवायलाही हरकत नाही. पण नफेखोरी आणि देणगी चालणार नाही, असा त्याचा गाभा. महाराष्ट्रात प्रवेशासाठी देणगी घेण्याला बंदी करणारा कायदा त्याआधीच, १९८७ मध्ये झाला होता. तरीही ‘इमारत निधी’ म्हणून विनापावती पैसे मागितल्याच्या गोष्टी कानावर येतात. पावती नसेल तर पैसे द्यायचे नाहीत, इतका साधा नियम घरात ठरवून ठेवावा.

“मुलींना तर आता सगळं मोफत आहे ना?”

‘मोफत’ या एका शब्दाने सध्या सर्वांत जास्त गोंधळ घातला आहे. २०२४-२५ पासून राज्य सरकारने आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शंभर टक्के सवलत दिली. निर्णय मोठा आहे. आमच्या तालुक्यात त्याने अनेक मुलींचं लग्न चार वर्षं पुढे गेलं, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे.

पण सवलत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांची आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं. प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे ज्याला सगळे ‘कॅप’ म्हणतात त्या फेऱ्यांतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थेच्या पातळीवर जागा घेतली की सवलत गेली. मी हे जाड अक्षरात वहीत लिहून देतो, कारण ‘जागा पक्की करून टाकू’ या घाईत कॅपच्या पुढच्या फेऱ्यांसाठी न थांबता लोक कोट्यात पैसे भरतात आणि मग चार वर्षं पस्तावतात.

आता वरच्या पट्टीत हे बसवू. १,७०,००० मधून शिक्षण आणि परीक्षा शुल्काचे ८३,००० वजा झाले. उरले ८७,०००. चार वर्षांचे झाले ३,४८,०००. विकास शुल्क, राहणं, जेवण, प्रवास हे आपल्याच खिशातून जाणार. घरून ये-जा करता येण्याइतकं कॉलेज जवळ असेल, तर याच पट्टीतले वसतिगृह आणि मेसचे ६५,००० वाचतात. एसटीचा विद्यार्थी पास सवलतीत मिळतो, त्याचा खर्च त्यापुढे किरकोळ. म्हणून कणकवली की पुणे हा निर्णय नुसत्या कॉलेजच्या नावावर न घेता या ६५,००० रुपयांसकट घ्यावा.

मुलग्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत उत्पन्नाची तीच मर्यादा आहे आणि शिक्षण व परीक्षा शुल्काची निम्मी रक्कम मिळते. अर्ज शासनाच्या महाडीबीटी या संकेतस्थळावर करायचा. पात्र विद्यार्थ्याकडून सवलतीचा भाग प्रवेशाच्या वेळी मागू नये, असं शासनाने सांगितलेलं आहे. तरी गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या मुलीला एका कॉलेजने पूर्ण फी भरायला लावली, ‘शिष्यवृत्ती आली की परत देऊ’ म्हणून. वडिलांनी आईची पाटली मोडली. अशा वेळी तोंडी वाद न घालता प्राचार्यांच्या नावे अर्ज द्यावा आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्यावा. शिक्का मारलेल्या कागदाला उत्तर द्यावं लागतं.

प्रवेश रद्द केला तर

थोडक्यात सांगतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश सोडला तर पूर्ण फी परत मिळते, फक्त प्रक्रियेचे जास्तीत जास्त पाच हजार कापता येतात. त्यानंतर ९०, मग ८०, मग ५० टक्के, आणि शेवटच्या तारखेनंतर तीस दिवस उलटले की काही नाही. कॅपमधून झालेल्या प्रवेशांना सीईटी कक्षाने त्या वर्षी जाहीर केलेली तारीख पाळावी लागते. मूळ दाखले अडकवून ठेवायचा अधिकार कोणत्याही कॉलेजला नाही.

कर्जाचा हप्ता कोणत्या महिन्यात सुरू होतो

इथे खर्चाचा प्रश्न धंद्याच्या प्रश्नाला येऊन मिळतो, म्हणून जरा थांबू.

भारतीय बँक संघाने शैक्षणिक कर्जाचा एक नमुना ठरवून दिला आहे आणि बँका साधारण त्याच चाकोरीत चालतात. चार लाखांपर्यंत आपला हिस्सा घालावा लागत नाही. साडेसात लाखांपर्यंत तारण मागत नाहीत. शिक्षण चालू असताना आणि संपल्यावर एक वर्ष हप्ता नसतो. या हप्तेमुक्त काळाला बँकेच्या भाषेत मोरेटोरियम म्हणतात, आपण सवड म्हणू. सवडीत हप्ता नसतो, व्याज मात्र चालूच असतं. साधं व्याज, पण चालू.

समजा त्या मुलीने दरवर्षी एक लाख असं चार लाख कर्ज १० टक्क्यांनी काढलं. पहिल्या लाखावर पाच वर्षांचं व्याज ५०,०००, दुसऱ्यावर ४०,०००, मग ३०,०००, मग २०,०००. हप्ता सुरू होईल त्या दिवशी ती चार लाख नव्हे, ५,४०,००० देणं लागते. सात वर्षांत फेडायचं तर महिन्याला सुमारे ९,००० रुपये. दहा वर्षांत फेडायचं तर सुमारे ७,१००.

नवीन धंद्याचं पहिलं वर्ष म्हणजे महिन्याला ९,००० सुटले तरी खूप, अशी स्थिती असते. ते सगळेच बँकेला द्यायचे असतील, तर मुलगी बोंडूंच्या मागे लागणार की तळोज्याच्या कारखान्यात नोकरी धरणार? म्हणून सांगतो, शिकत असतानाच व्याज भरता आलं तर भरावं. वर्षाला एक आंब्याची पट्टी त्यासाठी बाजूला काढली तरी सव्वा-दीड लाखाचा डोंगर उभा राहत नाही.

आणि एक तरतूद, जी मी बँकेच्या शाखेत सांगितली तेव्हा तिथल्या तरुण अधिकाऱ्यानेही परिपत्रक काढून पाहिलं. याच नमुना योजनेत म्हटलं आहे की पदवीनंतर विद्यार्थ्याला स्वतःचा नवउद्योग सुरू करायचा असेल, तर त्याच्या जडणघडणीच्या काळापुरती बँक वाढीव सवड देऊ शकते. ‘देऊ शकते’, म्हणजे बँकेच्या मर्जीवर. पण मागितल्याशिवाय कोण देणार? कर्जाच्या अर्जासोबतच याबद्दल विचारून ठेवावं.

इन्क्युबेशन सेंटर म्हणजे कलमांची रोपवाटिका

आता मुलीच्या प्रश्नाकडे. कॉलेजांच्या फलकांवर हल्ली ‘इन्क्युबेशन सेंटर’ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ समजायला आपल्याला लांब जावं लागत नाही.

पावसाच्या तोंडावर रायवळ आंब्याची कोय रुजत घालतात, कोवळ्या रोपावर हापूसची काडी बांधतात. कलम जीव धरेपर्यंत त्याला सावली लागते, वेळेवर पाणी लागतं. जोडाच्या खालून रायवळाची फूट आली की ती खुडून टाकावी लागते, नाहीतर तीच वाढते आणि हापूस मरतो. लावल्यावर पहिली काही वर्षं आलेला मोहोरही काढून टाकतात, कारण खोड तयार होण्याआधी फळ धरलं तर झाड खचतं. आणि कधी ना कधी ते पिशवीतून काढून कातळावरच्या खड्ड्यात लावावंच लागतं.

इन्क्युबेशन सेंटर हे असंच. बसायला जागा, यंत्रं, प्रयोगशाळेत तपासणी, हिशोब आणि परवान्यांचा सल्ला, एखादा अनुभवी मार्गदर्शक, कधी थोडं बीजभांडवल. त्याचा काळ ठरलेला असतो. चांगल्या केंद्राची ओळख उद्घाटनाच्या फोटोंवरून होत नाही. तिथून किती कलमं बाहेर लावली गेली आणि त्यातली किती जगली, हे विचारावं.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये विद्यापीठांना नवोपक्रमासाठी स्वतंत्र मंडळ आणि संचालक नेमायला सांगितलं आहे. केंद्राने २०१९ मध्ये उच्च शिक्षण संस्थांसाठी राष्ट्रीय नवोपक्रम आणि स्टार्टअप धोरण आणलं. विद्यार्थ्याच्या दृष्टीने कामाच्या गोष्टी त्या धोरणात आहेत. मात्र ते मार्गदर्शक आहे. प्रत्येक कॉलेजने स्वतःचं धोरण मंजूर केलं तरच त्याचा उपयोग. त्यामुळे ‘आमच्याकडे केंद्र आहे’ या उत्तरावर थांबू नये. ‘मंजूर धोरणाची प्रत दाखवा’ असं म्हणावं.

कल्पना कोणाची, वाटा कोणाचा

मालवणच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे अनेकांनी मिळून ओढायचं मोठं जाळं, ओढताना पाहिली असेल. कोणाची होडी, कोणाचं जाळं, कोणाचे नुसते हात. मासळी वाळूवर आली की वाटे पडतात आणि ते कसे पडायचे हे रापण समुद्रात टाकायच्या आधी ठरलेलं असतं. मासळी बघून कोणी नवीन नियम काढत नाही.

धंद्यातल्या मालकीच्या हिश्शाला इक्विटी म्हणतात. आपण वाटा म्हणू. २०१९ च्या धोरणाप्रमाणे कॉलेजने जागा, यंत्रं, मार्गदर्शन, पैसा दिला तर त्या बदल्यात कंपनीत २ ते ९.५ टक्के वाटा घेता येतो. वाटा घ्यायलाच हवा असं नाही. भाडं किंवा सेवाशुल्क घेऊन, दोन्हींची सांगड घालून किंवा विनामोबदलाही मदत करता येते. बीजभांडवल नको, फक्त जागा हवी असेल तर भाड्याने घ्यायची मुभा विद्यार्थ्याला आहे.

कल्पनेच्या मालकीचा नियमही रापणीसारखाच. कॉलेजचा निधी आणि सुविधा मोठ्या प्रमाणात वापरून किंवा अभ्यासक्रमाचा भाग म्हणून शोध लागला, तर मालकी दोघांची. विद्यार्थ्याने अभ्यासक्रमाबाहेर, कॉलेजच्या सुविधा न वापरता केलं असेल तर ते त्याचं.

मुलीच्या सिरपचं काय? घरच्या चुलीवर जमलेली कृती तिचीच. म्हणून तिला सांगितलं की आतापर्यंत काय केलं ते तारखांसकट वहीत लिही, फोटो ठेव, बाटल्या विकल्याचा हिशोब ठेव. पुढे कॉलेजच्या यंत्रावर तुरटपणा काढायची नवी पद्धत शोधलीस तर तिच्यात कॉलेजचा वाटा येईल, आणि तो किती हे यंत्राला हात लावायच्या आधी कागदावर घे. दुसरी गोष्ट मी तिला जरा जपून सांगितली, कारण तिचा हिरमोड व्हायला नको होता. बोंडूच्या सिरपवर आपल्या कोकण कृषी विद्यापीठाने आधीच काम केलेलं आहे. जे माहीत झालेलं आहे त्यावर पेटंट मिळत नाही. पेटंट म्हणजे नव्या शोधावरचा ठराविक मुदतीचा हक्क. ती हिरमुसली नाही. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात जाऊन विचारता येईल का, असं तिने विचारलं. जायलाच हवं. आपल्या दारात १९५७ पासूनचं केंद्र असताना चुलीवर चार वेळा फसत बसण्यात अर्थ नाही.

“धंद्याच्या नादात पोरगी नापास होईल”

आईचा हा आक्षेप खरा आहे. मी स्वतः हुशार मुलं कॅटरिंगच्या ऑर्डरींपायी वर्ष गमावताना पाहिली आहेत. २०१९ चं धोरण त्यावर काही मार्ग सुचवतं: अभ्यासक्रमातल्या प्रकल्पाच्या किंवा उन्हाळी प्रशिक्षणाच्या जागी स्वतःचा उद्योग दाखवणं, त्याचे श्रेयांक मिळणं, हजेरी कमी पडली तरी परवानगीने परीक्षेला बसता येणं, गरज पडल्यास एक सत्र किंवा वर्ष थांबणं. श्रेयांक म्हणजे क्रेडिट, अभ्यास पूर्ण केल्याचे साठवता येणारे गुण. २०२१ पासून त्यांची बँकच आहे. एकदा जमा झालेले श्रेयांक सात वर्षांपर्यंत वापरता येतात.

पण वर्ष थांबायचं ठरवलं, तर त्या वर्षाची फी, शिष्यवृत्ती आणि कर्जाची सवड यांचं काय होणार हे आधी विचारावं. कॉलेजचा एक विभाग ‘जा, धंदा कर’ म्हणतो आणि दुसरा विभाग शिष्यवृत्तीचा अर्ज नूतनीकरणात अडवतो. दोघांची लेखी संमती एकाच कागदावर हवी.

“सरबत विकणं म्हणजे स्टार्टअप का?”

बहुतेक वेळा नाही, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. सरकारच्या व्याख्येत स्टार्टअप म्हणजे नवं किंवा सुधारलेलं उत्पादन, सेवा किंवा पद्धत आणि मोठं होण्याची क्षमता असलेला उद्योग. मान्यता मिळवायला कंपनी, मर्यादित दायित्वाची भागीदारी, नोंदणीकृत भागीदारी अशी रीतसर नोंदलेली संस्था लागते. एकट्याच्या मालकीच्या दुकानाला ती मिळत नाही.

कोकम आगळ, आंबापोळी, फणसाचे तळलेले गरे विकणाऱ्या मुलाला त्या शिक्क्याची गरजच नाही. त्याला अन्नसुरक्षेची नोंदणी आणि उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंद, लागते; उद्यम नोंदणी फुकट होते. पैशासाठी जिल्हा उद्योग केंद्रातून चालणारा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे, पन्नास हजारांपर्यंत मुद्राचं शिशू कर्ज आहे. लहान अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची २०२० ची योजना आहे. तिच्यात खर्चाच्या ३५ टक्के, कमाल दहा लाख अनुदान ठेवलेलं आहे. ती अजून चालू आहे का आणि अर्जाची मुदत काय, हे कृषी कार्यालयात विचारून घ्यावं. बाटलीवर किंवा पेटीवर ‘हापूस’ लिहिणार असाल तर एक लक्षात ठेवा: २०१८ पासून त्या नावाला कोकणातल्या पाच जिल्ह्यांचं भौगोलिक मानांकन आहे आणि ते वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते.

“आमच्या आडगावच्या कॉलेजात यातलं काहीच नाही”

हे मला सर्वांत जास्त ऐकायला मिळतं, आणि यावर मी जरा आग्रहाने बोलतो. मुंबई-पुण्याच्या केंद्रांत संगणकांच्या रांगा असतात. पण बोंडू तिथे नाही, कोकम तिथे नाही, ताजा बांगडा, ताजी तारली तिथे पहाटे वाळूवर येत नाही. आपल्याकडे दापोलीचं कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे, रत्नागिरीत शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, लोणेऱ्याला तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. लहान कॉलेजने सगळं स्वतः उभारायची गरज नाही. एखाद्या प्राध्यापकाने या संस्थांशी बोलून मुलांना वर्षातून चार वेळा तिथे नेलं, तरी त्याला मी केंद्र म्हणेन. २०१९ चं धोरण तर संस्थेच्या वार्षिक अंदाजपत्रकाचा किमान एक टक्का नवोपक्रमासाठी ठेवायला सांगतं. लहान कॉलेजात ती रक्कम लहानच असेल. दोन मिक्सर, एक पीएच मीटर आणि बाटल्या सीलबंद करायचं यंत्र त्यात नक्की येतं.

तक्रार करायची वेळ आली तर प्रत्येक कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी. तिथे समाधान झालं नाही तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं. मंजूर आकड्यापेक्षा जास्त फी घेतली असेल तर थेट शुल्क नियामक प्राधिकरण.

त्या मायलेकी निघाल्या तेव्हा पाऊस उघडला होता. मुलीने माहितीपत्रकाच्या कोऱ्या पाठीवर दोन रकाने आखले होते. डावीकडे आईची पट्टी, चार वर्षांची, रकमांच्या जागा मोकळ्या ठेवून. उजवीकडे तिचे प्रश्न: मंजूर धोरणाची प्रत, वाटा किती, प्रयोगशाळा किती वाजेपर्यंत, प्रकल्प म्हणून सिरप चालेल का, वर्ष थांबले तर फीचं काय.

आठ दिवसांनी आई एकटीच आली, पिशवीतून तो कागद काढून माझ्यापुढे ठेवला. डावा रकाना कॉलेजच्या कार्यालयातल्या निळ्या शाईने पूर्ण भरलेला होता, खाली बेरीज आणि सही. उजव्या रकान्यात पहिल्या ओळीसमोर ‘पुढील बैठकीत ठेवतो’ एवढंच होतं, आणि प्रयोगशाळेच्या ओळीसमोर कोणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘सहापर्यंत. बोंडू घेऊन ये.’